निरंक कळवले

2 डिसेंबर 2024, सोमवार. पांढुर्णा

आज रुजू झाले. सकाळी नागपूर स्टेशनवर हेमंतने गाडीत बसवून दिलं आणि खिडकीशी उभं राहून मोठ्याने म्हणाला, की एकवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला पोलिसांच्या ताब्यात देतो आहे. डब्यातली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. समोरच्या आजीबाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. गाडी सुटून तास झाला तरी मला हसू आवरत नव्हतं.

खोली छान आहे. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका निवृत्त मास्तरांच्या घराचा वरचा मजला. बाहेरून जिना, जिन्याशी नळ, एक खिडकी रस्त्याकडे. गाडी गेली की कपाटातल्या वाट्या वाजतात. मास्तरीणबाई म्हणाल्या, आठ दिवसांत ऐकू येईनासं होईल. खाली गल्लीत संत्र्यांच्या पेट्या भरणं चाललेलं असतं, त्याचा वास उशीपर्यंत येतो.

काम असं: बाहेरच्या शहरांतून पोलिसांची जी पत्रं इथे येतात, त्यांतली मराठी आणि इंग्रजी पत्रं हिंदीत करायची आणि इथली उत्तरं त्यांच्या भाषेत पाठवायची. हद्दीपलीकडे महाराष्ट्र, त्यामुळे मराठीच जास्त. कॉलेजात सोळा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवल्यावर ही नेमणूक मिळाली, तीही कंत्राटीच. पण टेबल माझं आहे, त्याला खण आहे, खणाला किल्ली आहे.

माझ्या शेजारी हरवलेल्या माणसांचं काम बघणारे हेड कॉन्स्टेबल भूपेंद्र बसतात. सगळे त्यांना हेडसाहेब म्हणतात. त्यांनी स्वागत केलं ते असं: "मॅडम, नागपूरवाल्यांचा कागद आला का आम्ही दोन दिवस नुसते त्याच्याकडे पाहून राहतो. आता तुम्ही पाहा."

5 डिसेंबर, गुरुवार

चार दिवसांत शहरांची अक्षरओळख झाली. मुंबईचं पत्र तीन ओळींचं, जणू लिहिणारा उभाच आहे. पुण्याचं व्यवस्थित, परिच्छेद पाडलेलं. नागपूरचं घरच्यासारखं, एकच वाक्य पानभर चालतं. दिल्लीच्या पत्रात विषय सापडेपर्यंत संदर्भ क्रमांकच सहा. एवढी मोठी शहरं, एवढे पोलीस, आणि सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकच: हा माणूस तुमचा आहे का?

बेवारस प्रेत मिळालं की ते शहर सगळीकडे वर्णन आणि फोटो धाडतं. आपल्याकडे तसा कोणी हरवल्याची नोंद असेल तर घरच्यांना बोलावून फोटो दाखवायचा. त्यांचा जबाब घ्यायचा, खाली सही किंवा अंगठा. हो म्हणाले तर ओळख पटली. नाही म्हणाले तर 'निरंक' कळवायचं, म्हणजे आमच्या हद्दीत असा कोणी नाही. फॉर्मवर शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना आहे. जबाब देणारा गोंधळला, घाबरला, खोटं बोलतो आहे असं वाटलं, तर ते तिथे लिहायचं. मग डीएनए तपासणी मागता येते. हेडसाहेबांनी मला हे दोनदा समजावलं. ते म्हणाले, अनुवाद कोणीही करेल, शेरा डोळ्यांनी लिहावा लागतो.

जबाब बहुतेक मराठीतच होतात, म्हणून फॉर्म यापुढे मीच भरायचा.

9 डिसेंबर, सोमवार

आजचं नीट लिहून ठेवते, कारण माझं मलाच कळत नाही की मी काय केलं.

नागपूर शहर पोलिसांचं पत्र. पुरुष, वय अंदाजे सव्वीस, उड्डाणपुलाखाली मयत अवस्थेत. अंगावर पिस्ता रंगाचा, बारीक काळ्या रेघांचा शर्ट. कॉलरला शिंप्याची पट्टी, 'मनोहर टेलर्स, सौसर'. शवविच्छेदन झालं आहे, सात दिवसांत उत्तर न आल्यास महापालिकेमार्फत अंत्यविधी.

सौसरची एकच नोंद जुळत होती. अंकुश, वय सव्वीस, ऑक्टोबरपासून बेपत्ता. आई शांताबाई, संत्र्याच्या मंडीत छाटणीच्या कामाला. ती दर सोमवारी स्वतःच येते, बोलवावं लागत नाही. आज आली तेव्हा बाकावरच्या दुसऱ्या बाईला सांगत होती, की तिचा मुलगा शहरात पोलिसात आहे. हेडसाहेब मला हळूच म्हणाले, एका मोठ्या दुकानाच्या दारावर वॉचमन आहे, पण निळी वर्दी घालून गावात आला होता तेव्हापासून तिच्यासाठी पोलीसच.

मी फोटो तिच्यापुढे ठेवला. डोळे मिटलेला, कापसासारखा पांढरा चेहरा.

ती खूप वेळ बघत राहिली. मग तिने पदराचं टोक घेतलं आणि फोटोतलं कपाळ पुसलं. कागदावर काही नव्हतं. तिने ते घाम पुसावा तसं पुसलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. फोटो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "नाई मॅडम. हा माया अंकुश नाई."

मी पाहिलं होतं. हेडसाहेब चहा सांगायला गेले होते, फक्त मीच पाहिलं. मी जबाब लिहिला, तिचा अंगठा घेतला. 'शेरा' रकान्याशी पेन टेकवलं आणि माझी स्नेहा डोळ्यांसमोर आली, पुण्यात हॉस्टेलवर, वीस वर्षांची. मला वाटलं, या बाईला अजून एक सोमवार मिळू दे.

रकाना कोरा ठेवला. निरंक कळवलं.

दया होती का ती? की तिचं रडणं मला माझ्या टेबलापाशी नको होतं?

11 डिसेंबर, बुधवार

हेमंतला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आईच नाही म्हणाली तर तू कोण ठरवणार. बरोबर आहे. फोटोत चेहरे बदलतात. पण मग मी कपाळ पुसण्याबद्दल त्याला का सांगितलं नाही?

16 डिसेंबर, सोमवार

किती हलकं वाटतं आहे!

शांताबाई आज आली ती धुतलेलं लुगडं नेसून, हसत. माझ्या टेबलावर कागदात बांधलेली पुरणपोळी ठेवली. अंकुश येऊन गेला, म्हणाली. परवा दुपारी आला, जेवला, अंगणात बसला आणि तिसऱ्या प्रहरच्या बसने परत गेला. मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे मी चुकले नव्हते. ते कपाळ पुसणं म्हणजे कुणाच्या तरी लेकरासाठी हळहळ, एवढंच.

मी म्हटलं, मग नोंद बंद करून टाकू. तिचं हसू गेलं. नको म्हणाली. राहू द्या. "तुम्ही जे लिहून राहिल्या ना मॅडम, तेच लिहत जा."

हेडसाहेबांनी पोळी अर्धी खाल्ली आणि म्हणाले, पोलिसात पंधरा दिवसांत पुरण, मॅडम, तुमचं भविष्य चांगलं आहे.

18 डिसेंबर, बुधवार

पुण्याचं पत्र. पुरुष, वय अंदाजे सव्वीस, नदीकाठी. मृत्यू दोन दिवसांपूर्वी. पिस्ता शर्ट, बारीक काळ्या रेघा. मनोहर टेलर्स, सौसर.

फोटोतला चेहरा तोच आहे. मी दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. तोच.

शवविच्छेदन अहवालाचा अनुवाद करताना एका ओळीवर थांबले. डॉक्टरांनी लिहिलं आहे: छातीपासून बेंबीपर्यंत शवविच्छेदनाच्या छेदासारखा जुना व्रण, टाके घातलेला, *पूर्ण भरून आलेला.* पुढे त्यांनीच कंसात प्रश्नचिन्ह टाकलं आहे.

मी ती ओळ हिंदीत तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. शब्द सोपे आहेत.

19 डिसेंबर, गुरुवार

सुट्टी टाकून बसने सौसरला गेले. मनोहर टेलर म्हणजे साठीचे गृहस्थ, गळ्यात टेप, बोलघेवडे. कापड ओळखलं. तुकडा एकच होता, एकाच शर्टाचा, दिवाळीआधी शांताबाईच्या पोरासाठी शिवला. हसत म्हणाले, असा रंग दुसरा कोण घालते, बाप्पा!

मग मी फोटो दाखवले. त्यांनी टेप गळ्यातून काढून ठेवली. ओळखलं. पण दोन फोटो दोन शहरांतले आणि आठवड्याच्या अंतराने आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

20 डिसेंबर, शुक्रवार

शांताबाईला बोलावलं. हेडसाहेब छिंदवाड्याला गेलेले, खोलीत आम्ही दोघीच. पुण्याचा फोटो पुढे ठेवला. या वेळी तिने तो पाहिलाही नाही.

सगळं तिने स्वतःच सांगितलं, आवाज न चढवता. नागपूरचा तो तिचाच मुलगा होता. तिने नाही म्हटलं, कारण हो म्हणायला तोंड उघडेना. घरी जाऊन ती चार दिवस दारातच बसली. आणि आमचं उत्तर नागपूरला पोचलं, तेव्हा तो आला. भर दुपारी, चालत. हात-पाय धुतले, जेवला. मग म्हणाला, जातो. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

"तुम्ही नाई म्हणून लिहता, तवा तो येते. एक दिवस येते. जेवून जाते."

मी काय विचारावं? मी तिला विचारलं, तो आनंदात दिसतो का. ती म्हणाली, भूक लागलेली दिसते.

मग ती माझ्या पाया पडली. मी मागे सरले तर खुर्चीला धरून तिथेच बसून राहिली.

वेड लागलं आहे तिला, हे मला समजत होतं. दुसरीकडे तो व्रणही माझ्याच टेबलावर होता. मी सोमवारपर्यंत वेळ मागितला.

23 डिसेंबर, सोमवार

निरंक कळवलं. शेरा कोरा.

पहिल्या वेळी मला नक्की माहीत नव्हतं असं म्हणता येईल. आज तेही म्हणता येत नाही. मी स्वतःला सांगितलं की हा केवळ पडताळा आहे: तो आला नाही, तर बाई भ्रमात आहे, मग मी सगळं हेडसाहेबांसमोर कबूल करेन. एका माणसाच्या प्रेतावर मी पडताळा करते आहे.

27 डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तिचा फोन आला. आलाय, म्हणाली. जेवायला या.

बाराच्या सुमारास पोचले. लख्ख ऊन, अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. शेजारच्या घरी रेडिओ चालू होता. तो ओसरीवर पाटावर बसला होता, पिस्ता शर्ट, समोर ताट. मला पाहून त्याने मान लववली, शिकलेली मुलं करतात तशी.

शांताबाई वाढत होती आणि बोलत होती, थांबतच नव्हती. शहरात कोण तुले असं गरम वाढते, खाय, लाजून काहून राहिला, मॅडम आपल्याच हाय. त्याला चिडवत होती, की पोलिसाची नोकरी आणि अंग पाहा कसं काडीसारखं. तो हसायचा. प्रत्येक घासाला पुढे वाकताना मात्र डावा हात छातीखाली धरायचा, सदरा फाटेल म्हणून धरावा तसा. माश्या मिरच्यांवर होत्या, अंगणभर होत्या. त्याच्या ताटावर एकही नव्हती.

ती लोणचं आणायला आत गेली. त्याने शर्टाची दोन बटणं काढली. मला दाखवलं. एक व्रण भरलेला, पांढुरका. त्याच्या शेजारी दुसरा, अजून लाल, सुतळीसारख्या दोऱ्याचे टाके.

हळू आवाजात बोलला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाला, मॅडम, आता लिहून टाका. माझं नाव लिहिलं की झालं. लोकांना वाटतं, मेल्यावर काही कळत नाही.

"कळते, मॅडम. कापते तवा सारं कळते."

ती लोणचं घेऊन आली. त्याने बटणं लावली होती. म्हणाला, आई, अजून एक भाकर दे.

28 डिसेंबर, शनिवार

काल परत निघताना बस-थांब्यापर्यंत शांताबाई आली होती. मी तिला सांगितलं की त्याला वेदना होतात, त्यानेच सांगितलं. जेवताना मी तिला स्नेहाबद्दल बोलले होते. तिने विचारलं, तुमची पोरगी पुण्याले हाय ना?

"तिचा असा फोटो आणून दाखोला, तं तुमी हो म्हणान का, मॅडम?"

बस आली. मी चढले.

2 जानेवारी 2025, गुरुवार

कोलकाता पोलिसांचं, इंग्रजीत. वय, शर्ट, पट्टी. भरलेले दोन व्रण. शिवाय पाठीवर आणि टाचांवर भाजल्याच्या जुन्या खुणा, त्याही बऱ्या झालेल्या.

पुण्याला विद्युतदाहिनी असते.

फोटोत डोळे अर्धे उघडे आहेत.

6 जानेवारी, सोमवार

शांताबाई येऊन नाही म्हणून गेली. जबाब माझ्या खणात आहे, खणाला किल्ली लावली आहे. हेडसाहेबांना सांगायचं ठरवून तीनदा त्यांच्या टेबलापाशी गेले. काय सांगू? त्यांनी वर बघून विचारलं, मॅडम, बरं नाही का, पांढुर्ण्याचं पाणी लागलं वाटते. मी स्टेपलर मागितला.

मी उत्तरच पाठवणार नाही. खोटं लिहिणार नाही, तिच्याविरुद्धही जाणार नाही.

9 जानेवारी, गुरुवार

कोलकात्याच्या पत्राची शेवटची ओळ मीच अनुवादित केली होती आणि वाचली नव्हती. मुदतीत उत्तर न आल्यास निरंक समजण्यात येईल.

आज मुदत संपली.

11 जानेवारी, शनिवार

तिचा फोन. आलाय. मी गेले नाही. मागे त्याचा आवाज येत होता — माझं नाव घेत होता. मी फोन ठेवला.

14 जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दूतावासामार्फत मस्कतच्या पोलिसांचं. समुद्राकाठी. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, देशात आल्याची कुठेच नोंद नाही. त्यांनी फार सभ्य शब्दांत विचारलं आहे की हा मनुष्य आला कसा.

मला माहीत आहे. आपण नाही म्हणतो, तो पुढे जातो. दर वेळी आणखी लांब.

तीन व्रण भरलेले. फोटोत डोळे पूर्ण उघडे. तोंडही. बोलता बोलता कुणी थांबवावं तसं.

हेडसाहेबांनी तिळगूळ दिला. हातात तसाच राहिला, चिकट.

15 जानेवारी, बुधवार

सौसरला गेले. ओळखीचा फॉर्म घेऊन. शांताबाईच्या समोर हात जोडले. सगळं सांगितलं — कापणं, दाहिनी, पुढची शहरं. ती ऐकत होती आणि गव्हातले खडे वेचत होती. मी तिचा हात धरला. अंगठा शाईवर टेकवायला गेले. जबरदस्तीने. मी! तिने मूठ वळली. एवढी ताकद त्या हातात — बोटं उघडेनात.

म्हणाली, परवा येईन तो. तांदूळ निवडून राहिली.

गहू होते ते.

16 जानेवारी, गुरुवार

केलं.

दुपारी, हेडसाहेब जेवायला गेले तेव्हा. ओळख पटली. मयताचं नाव: अंकुश. ओळखणाऱ्याचं नातं: आई. खाली अंगठा हवा होता. मी माझा लावला.

दुसरा कागद ताब्याचा. प्रेत माझे ताब्यात मिळाले, तिथेच अंत्यविधी करण्यास माझी संमती, तक्रार नाही. तिथेही आई. तिथेही माझा अंगठा.

पाच आठवड्यांपूर्वी मी एक कोरा रकाना ठेवला होता. आज खरं सांगण्यासाठी दोन खोटे अंगठे. पण नाव लिहिलं गेलं. कुणीतरी हो म्हणालं. त्याने एवढंच मागितलं होतं.

साबणाने चारदा धुतला, शाई जात नाही.

18 जानेवारी, शनिवार

मस्कतहून कळवलं: अंत्यविधी पार पडला. फाइल बंद. आईला सांत्वना.

झोपले. दुपारभर झोपले.

20 जानेवारी, सोमवार

शांताबाई आली. तो आला नाही म्हणाली. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, काल नाही. तुम्ही काय लिहिलं, मॅडम? मी सांगितलं. सगळं. अंगठ्याचंही.

ती रडेल असं वाटलं. ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग इतकंच विचारलं, की आई म्हणून लिहिलं का.

हो म्हटलं.

"मंग तो तुमच्याकडं येईन."

हेडसाहेबांना आज सांगणार होते. ते म्हणाले — काय म्हणाले आठवत नाही.

21 जानेवारी, मंगळवार

जेवायला खोलीवर आले. साडेबारा. जिन्याशी नळ चालू. कुणीतरी पाय धूत होतं, पाठमोरं. पिस्ता —

मी खाली मास्तरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तुमचा भाचा ना? सकाळपासून बसलाय. चांगला मुलगा आहे.

ऑफिसला परत. संध्याकाळपर्यंत बसले. नाही, जायलाच हवं.

दार मी लावून गेले होते. आत आहे. भिंतीला टेकून. चार व्रण — चौथा भरलेला नाही. अंगावर वाळू, भाजलेली. बोलत नाही. फक्त भूक लागल्यासारखा.

मी कढई ठेवली. काय करणार?

22 जानेवारी, बुधवार

गेला नाही. तिच्याकडे एकच दिवस यायचा. इथे — ताब्यात मिळाले, असं मीच —

सकाळी शांताबाई आली होती. जिन्याखाली उभी. अंकुश, अंकुश. तो खिडकीत होता. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, ही बाई कोण? खरंच विचारलं. ती खाली उभी राहून ऐकत होती.

तिला सगळं समजलं. गेली. मागे वळून न बघता.

नाव लिहिलं होतं ना मी. नाव खरं होतं. कागदावरची आई खोटी होती. त्याला आता कोणी —

दुखतं म्हणतो. वाकता येत नाही. मी भरवते आहे. भात त्याच्या शर्टावर सांडतो, तो म्हणतो राहू दे, आई.

आई म्हणतो.

दुपार. तो विचारतो आहे. मघापासून एकच. आई, मी तुझाच ना?

नाही म्हटलं तर जाईल. लगेच जाईल, मला माहीत आहे. आणि कुठल्यातरी शहरात टेबलावर — कापते तवा सारं कळते — मस्कतच्याही पलीकडे, आणखी लांब —

हो म्हटलं तर इथेच. असाच. न भरणारा. रोज, मी असेपर्यंत. मी गेल्यावर?

ती विचारत होती, तुमी हो म्हणान का. तेव्हा बस आली होती. आता बस नाही.

हातात हात दिलाय त्याने. थंड नाही, उलट गरम आहे, ताप असल्यासारखा. बघतोय. वाट बघतोय.

मी सांगते. लिहून ठेवते आणि सांगते. अंकुश, तू माझा —